रॅपरची शिकवणी

१९८०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात बेघर पुरुषांसाठी चालणाऱ्या एका निवाऱ्यात स्कॉट स्टर्लिंग नावाचा तरुण सोशल वर्कर म्हणून नोकरीला होता. दिवसभर लोकांचे अर्ज, त्यांची गाऱ्हाणी, आपसातली भांडणं. रात्री हाच माणूस डीजे स्कॉट ला रॉक या नावानं क्लबात रेकॉर्ड लावायला उभा राहायचा. त्याच निवाऱ्यात लॉरेन्स पार्कर नावाचा विशीतला मुलगा आश्रयाला होता. किशोरवयातच घर सुटलेला, भिंतींवर आपलं नाव रंगवत फिरणारा, हाती लागेल ते पुस्तक वाचणारा आणि वादात कुणाला हार न जाणारा. दोघांची पहिली गाठ भांडणानंच पडली, असं सांगतात. सबवेच्या टोकनांवरून. नंतर दोघांचं जमलं, बूगी डाउन प्रॉडक्शन्स नावाची रॅप गाणाऱ्यांची टोळी उभी राहिली आणि १९८७ साली एका छोट्या कंपनीकडून त्यांचा पहिला अल्बम आला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्कॉट गेला. टोळीतल्या एका लहान पोराचं कुणाशी तरी वाजलं होतं. ते मिटवायला तो स्वतः गेला, आणि तिथे त्याच्यावर गोळी चालली. वय २५.

पार्कर म्हणजेच रॅपर केआरएस-वन. मित्राच्या खुनानंतर त्याच्यापुढे सूडाची वाट उघडी होती, आणि त्या काळातल्या श्रोत्यांनी ती उचलूनही धरली असती. त्यानं स्वतःला शिक्षक म्हणवून घेतलं. १९८८ साली त्याच्या टोळीच्या एका कार्यक्रमात एका तरुण चाहत्याचा खून झाला. तेव्हा त्यानं न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या रॅपरांना गोळा केलं. आपणच आपल्या माणसांना मारू नये म्हणून सांगणारं एक सामूहिक गाणं १९८९ साली निघालं आणि त्याचं उत्पन्न नॅशनल अर्बन लीग या जुन्या संस्थेला गेलं. पुढची कित्येक वर्षं तो गाण्याच्या कार्यक्रमांइतकाच विद्यापीठांमधल्या व्याख्यानांसाठी फिरत राहिला.

हिप हॉपचा, म्हणजे रॅप, डीजे, ब्रेकडान्स आणि ग्राफिटी यांच्या संस्कृतीचा, इतिहास सांगणारे केआरएस-वनपाशी थांबतात, आणि ते रास्तच आहे. पण माझं मन सारखं स्कॉटच्या नोकरीकडे वळतं. गाणं आणि वस्तीतलं काम ही दोन्ही त्याच्या एकाच आयुष्यात बसली होती. रात्रीच्या डीजेला सकाळी निवाऱ्यातल्या माणसाशी कसं बोलायचं ते ठाऊक होतं. आणि त्याला पगार होता. त्या पगारावर मी पुढे येणार आहे.

ही संस्कृती जिथे सुरू झाली असं मानतात, ती ११ ऑगस्ट १९७३ची ब्राँक्समधल्या सेजविक अव्हेन्यूवरची पार्टीसुद्धा शाळेशी जोडलेली होती. शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून सिंडी कॅम्पबेलनं ती ठेवली, आणि गाणी लावायला तिचा भाऊ कूल हर्क होता. आज जगभर पसरलेल्या या कलेच्या मुळाशी शाळकरी मुलीची गरज आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत आमची अभ्यासिका आहे. एक लांबट खोली, वर सिमेंटचे पत्रे, एका भिंतीला पुस्तकांची कपाटं, दुसऱ्या भिंतीला दहावी-बारावीच्या मुलांसाठी बाकं. रविवारी दुपारी बाकं कडेला सरकवली जातात आणि रॅपचा वर्ग भरतो. शिकवणारा मुलगा, म्हणजे आता मुलगा कसला, तिशीला टेकलेला माणूस, याच पट्ट्यात वाढला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. स्वतः लिहितो, स्वतः गातो, गाणी स्वतःच्या पैशानं काढतो, कुठल्या कंपनीशी करार नाही. मुलं त्याला दादा म्हणतात, तो मला ताई म्हणतो. तो शिकवत असताना मी मागच्या स्टुलावर बसून पुस्तकांच्या नोंदी करते, म्हणजे हातात वही असते आणि कान तिकडे.

पहिला धडा टाळीचा असतो. आमच्या मुलांचे हात आरतीवर पोसलेले. ताल सुरू झाला की प्रत्येक मात्रेवर टाळी पडते. दादाला ती फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हवी असते, जिथे स्नेअर या ड्रमचा फटका येतो. ऐकायला सोपं वाटतं. वीस मुलांचे हात पहिल्या मात्रेवर रोखून धरायला तास जातो. ‘एकला हात बांधा, दोनला सोडा,’ असं तो म्हणत फिरतो. ते साधलं की खोलीचा आवाजच बदलतो. मग बार. चार मात्रांचा एक बार, सोळा बारांचं एक कडवं. मिनिटाला नव्वद मात्रांच्या चालीवर सोळा बार जेमतेम पाऊण मिनिटात संपतात. ‘तुमच्याकडे पाऊण मिनिट आहे. त्यात काय सांगणार?’ हा त्याचा प्रश्न मी मराठीच्या कुठल्याही निबंधलेखनाच्या तासाला ऐकलेला नाही.

पुढचा नियम मला सगळ्यांत आवडतो. ओळीचा शेवट ‘आहे’, ‘नाही’, ‘होते’, ‘गेले’ यांवर करायचा नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकटात मिळतं. आहेला आहे, नाहीला नाही. मुलं पहिल्याच दिवशी असं पानभर लिहून आणतात आणि खूश असतात. तो वाचतो, हसत नाही, पाठही थोपटत नाही. ‘शेवटचा शब्द वस्तूचा ठेव,’ म्हणतो. आठवीतली एक मुलगी पाण्यावर लिहून घेऊन आली होती. ‘आमच्या गल्लीत पाणी येत नाही आहे, आई माझी रात्रभर जागी आहे,’ अशी सुरुवात होती. त्यानं विचारलं, रांगेत काय दिसतं? हंडे. हंड्यावर काय असतं? नाव. कुणाचं? ती म्हणाली, बाबांचं. रांगेत कोण असतं? आई. तो गप्प बसला. ती पण गप्प. मग ती खिडकीपाशी जाऊन बसली आणि वर्ग संपायच्या आत हे घेऊन आली:

रांगेत हंडे, हंड्यावर नाव,
झोपेचा नि पाण्याचा एकच भाव.
नाव बाबांचं, रांगेत आई,
साडेतीनच्या नळाला भारी घाई.

तिला ही ओळ त्यानं दिली नाही. त्यानं प्रश्न विचारले, आणि योग्य वेळी गप्प बसला. चांगल्या शिक्षकाबद्दल मी जे काही वाचलंय ते सगळं मला त्या काही मिनिटांत पाहायला मिळालं. हा माणूस बी.एड. नाही. हे तो शिकला कुठे? स्वतः लिहिताना शिकला. ज्या प्रश्नांनी त्यानं स्वतःची कच्ची ओळ मोडली, तेच प्रश्न तो पोरीला विचारत होता. म्हणून कलाकार वेगळा आणि शिकवणारा वेगळा असं त्याच्या बाबतीत करता येत नाही. त्याच्या नव्या गाण्यांत वस्तूंची नावं वाढली आहेत, हेही मला दिसतं. मुलांना लावलेली शिस्त फिरून त्याच्याच वहीत आली आहे.

वर्गाचा शेवट सायफरनं होतो. सगळे गोल उभे राहतात, कुणीतरी तोंडानं बीट धरतं आणि ज्याला सुचेल तो आत सरकतो. इथे तयारीचं चालत नाही, जागच्या जागी रचायचं. अडखळलं तर शेजारचा ओळ उचलतो. दादाचे नियम खडूनं फळ्यावर लिहिलेले असतात: कुणाची आई-बहीण काढायची नाही, रंग काढायचा नाही, जात काढायची नाही, आणि गोलात मोबाइल बाहेर काढायचा नाही. शेवटचा नियम मुलांना सगळ्यांत जड जातो. पण चित्रीकरण होत नाही म्हटल्यावरच लाजरी मुलं तोंड उघडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक मुलगा कित्येक रविवार नुसता टाळी धरून उभा असायचा. त्याला कुणी ढकललं नाही. एकदा तो आत आला, आठ बार म्हणाला, बाहेर गेला. कुणाच्या फोनमध्ये ते नाही, आणि त्यामुळेच ते घडलं.

सायफर ही शिकवण्याची पद्धत होऊ शकते हे ज्यांनी फार आधी ओळखलं, त्यांच्यात टोनी ब्लॅकमन हे नाव मला महत्त्वाचं वाटतं. हॉवर्ड विद्यापीठात शिकलेल्या या रॅपर बाईंनी १९९४ साली वॉशिंग्टनमध्ये फ्रीस्टाइल युनियन सुरू केली. एकमेकांना लोळवण्याच्या चुरशीतून सायफर बाहेर काढून तिथे त्यांनी ऐकण्याचं आणि जागेवर विचार करण्याचं शिक्षण उभं केलं. २००१ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं त्यांना हिप हॉपच्या सांस्कृतिक दूत म्हणून नेमलं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या. नंतर आफ्रिकेतल्या अनेक देशांत त्यांनी कार्यशाळा घेतल्या, मुलींना रॅपमध्ये आणण्यासाठी वेगळा उपक्रम चालवला. रेडिओवर दिवसाला दहा वेळा वाजलेलं गाणं त्यांच्या नावावर तुम्हाला चटकन आठवणार नाही. तीस वर्षं उभी राहिलेली कारकीर्द मात्र आहे. मला वाटतं, आपल्या दादासारख्यांना दाखवायला हा नकाशा अधिक उपयोगी आहे, कारण एका रात्रीत चमकलेल्याच्या मागे जाऊन दुसऱ्याला काही हाती लागत नाही. ब्लॅकमन यांची वाट चालून जाता येते.

मराठी माणूस रॅपबद्दल बोलू लागला की दोन मिनिटांत पोवाड्यावर येतो. ‘हे तर आपल्याकडे होतंच.’ मला हे पटत नाही. पोवाड्याची चाल वेगळी, डफ-तुणतुण्याचा जोर वेगळा, मागे जी जी रं जी म्हणणारे झीलकरी असतात, आणि शाहीर बहुधा दुसऱ्याच्या पराक्रमाची कथा सांगत असतो. रॅपर ‘मी’ म्हणतो, एकटा म्हणतो, आणि स्वतःच्या गल्लीचा पिन कोडसुद्धा सांगतो. कला म्हणून दोन्ही आपापल्या जागी धड आहेत, ओढूनताणून नातं जोडायची गरज नाही.

नातं आहे ते जगण्याच्या रीतीत. भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी सभेच्या आधी आणि सभेनंतर गाऊन जे पोहोचवलं, ते नुसत्या भाषणानं पोहोचलं नसतं. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेले, आयुष्याची कितीतरी वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरात काढलेली. वामनदादा कर्डकांना तरुणपणी लिहिता-वाचता येत नव्हतं. मुंबईच्या चाळीत कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि ते जमलं नाही, याचा चटका बसून ते अक्षरं शिकले. मग गावोगाव फिरून गात राहिले, आणि जिथे गेले तिथे गाणारे तयार करत गेले. २००४ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या मागे महाराष्ट्रभर पसरलेले गायक होते. त्यातल्या कितीजणांनी वामनदादांकडे ‘शिक्षण घेतलं’ म्हणून कुठे नोंद आहे? कुठेच नाही. पण आजही भीमजयंतीला एखाद्या वस्तीत पेटी काढली जाते तेव्हा ती शाळा चालू असते. आमच्या रविवारच्या वर्गाचं खरं नातं या लोकांशी आहे. दिवसा पोटासाठी एक काम, संध्याकाळी माणसांत गाणं, आणि गाता गाता दुसऱ्याला गायला लावणं.

धारावीचं नाव न घेता हा विषय पुढे जाणार नाही. २००९च्या आसपास, झोपडपट्टीतल्या मुलावरचा एक परदेशी चित्रपट ऑस्करवर ऑस्कर घेत होता आणि त्याच्या नावात कुत्र्याचा उल्लेख होता, तेव्हा धारावीतल्या आकाश धनगर आणि त्याच्या मित्रांनी आपल्या टोळीचं नाव स्लमगॉड्स ठेवलं. आकाश मुलांना ब्रेकडान्स शिकवायचा, फुकट. पुढे २०१५च्या सुमारास धारावी ड्रीम प्रोजेक्टनं आफ्टर स्कूल ऑफ हिप हॉप सुरू केलं. रॅप, बीटबॉक्सिंग, बी-बॉइंग, ग्राफिटी, सगळं विनामूल्य. त्याच सुमारास कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीचा डिव्हाइन यांची गाणी फोनाफोनांतून फिरत होती. २०१९च्या फेब्रुवारीत त्यांच्यावरून प्रेरणा घेतलेला मोठा हिंदी चित्रपट आला आणि सगळ्या शहराला एकदम कळलं की आपल्या गल्ल्यांत कविता होते.

त्या चित्रपटानं बरंच केलं, हे मान्य. आईबापांचा विरोध कमी झाला. पूर्वी ‘हे काय टपोरीपणाचं खूळ’ म्हणणारे वडील आता मुलाला स्वतः आणून सोडतात. पण सोबत एक प्रश्न आला, तो अजून हटायला तयार नाही. आमच्या वर्गात जो कुणी पाहुणा येतो, पत्रकार असो, देणगीदार असो, तो पंधरा मिनिटांत विचारतो: ‘यातला पुढचा स्टार कोण?’ हा प्रश्न मुलांच्या समोर विचारतात. मग मुलं एकमेकांकडे बघायला लागतात. जो गोल इतक्या कष्टानं जमवलेला असतो, तो त्या एका प्रश्नानं रांग होऊन जातो. गणिताच्या शिकवणीत जाऊन कुणी ‘यातला पुढचा रामानुजन कोण’ असं विचारत नाही. मुलगा गणित शिकतोय, एवढं पुरेसं असतं. गाणं शिकणाऱ्या गरीब मुलाला मात्र प्रसिद्ध होऊन दाखवल्याशिवाय शिकण्याचा हक्क नाही की काय? याचा मला मनापासून राग येतो.

मुंबईच्या स्वदेशी या टोळीकडे मी याच कारणानं आदरानं बघत आले. मराठी, हिंदी, गुजराती अशा आपापल्या बोलीत रॅप करणारी ही मुलं. २०१९ साली आरेच्या जंगलावर त्यांनी वारली लोकांच्या बाजूनं गाणं केलं. त्यात केलटीपाड्याचे प्रकाश भोईर त्यांच्यासोबत गायले. भोईर तिथले आदिवासी शेतकरी, लोककलावंत, आरे वाचवण्याच्या लढ्यातले जुने कार्यकर्ते. इथे शिकवणारे भोईर होते आणि शिकणारे शहरातले रॅपर. समाजात जाऊन शिकवणारा कलाकार म्हटलं की आपण त्याला देणाऱ्याच्या जागी बसवतो. या गाण्यात देवघेव उलटी आहे, आणि म्हणून ते टिकाऊ झालं आहे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्या रात्रीच आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली, आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं पडली होती. त्या दिवसांत आमच्याकडची मुलं ते गाणं म्हणत होती. भूगोलाच्या पुस्तकात आरे नव्हतं, गाण्यात होतं.

स्वदेशीचा एमसी तोडफोड, धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये गेला. २४ वर्षांचा होता. गुजरातीत रॅप करायचा. दादा त्याला ओळखत होता. त्या रविवारी वर्ग भरला, पण कुणी काही शिकवलं नाही. मुलं आणि तो मिळून तोडफोडची गाणी ऐकत बसले.

आता पगाराकडे येते, कारण या कारकिर्दीचं सगळं दुखणं तिथे आहे.

स्वतंत्र कलाकार म्हणजे गाण्याचा मालक तोच. ऐकायला छान वाटतं. बीट विकत घ्यायचा तो, रेकॉर्डिंगचे तास, मिक्सिंग, मास्टरिंग, व्हिडिओ, सगळं त्याच्या खिशातून. गाणं ॲपवर चढवायला वितरकाला वर्षाचे पैसे. उलट येताना, गाणं एकदा वाजलं की रुपयांत नव्हे, पैशांत मोजावी अशी रक्कम येते, ती महिन्यांनी जमा होते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही सोडून देता येणार नाही असं ठरलं. हा फार चांगला कायदा आहे. पण त्याचा उपयोग व्हायला गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेत नाव नोंदवावं लागतं, प्रत्येक गाण्याचे कागद भरावे लागतात. आमच्या दादानं ते एकदा बसून केलं आणि आता तोच तास मुलांना शिकवण्यात धरतो. बँकेचं खातं, पॅन कार्ड, गाण्यावर कुणाकुणाचा किती हक्क ते ध्वनिमुद्रणाच्या आधी कागदावर. मुलं कंटाळतात, जांभया देतात, तो सोडत नाही. त्याची स्वतःची दोन गाणी एका कंपनीकडे अडकली आहेत. करार इंग्रजीत होता आणि तो वाचून दाखवणारं त्याच्या घरी कुणी नव्हतं.

मग पैसे येतात कुठून? कॉलेजच्या महोत्सवातून, कुणाच्या जाहिरातीच्या ओळी लिहून, आणि कार्यशाळांमधून. कार्यशाळेचे पैसे बहुधा कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून येतात. २०१३च्या कंपनी कायद्यानं ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं घालून दिलं, त्यामुळे आमच्यासारख्या छोट्या संस्थांना दारं उघडली. पण हा पैसा आर्थिक वर्षाच्या गाडीतून येतो. मार्चमध्ये संपतो, नवा मंजूर व्हायला कधी पावसाळा उजाडतो. मुलांची वयं मार्चला थांबत नाहीत. मधल्या महिन्यांत दादा वर्ग तसाच घेतो, आणि रात्री जेवणाचे डबे पोहोचवायला मोटरसायकलवर बाहेर पडतो. कुणाला त्याचं कौतुक करावंसं वाटतं, ‘किती तळमळ!’ म्हणतात. तळमळ आहेच. पण तळमळीवर भाडं चुकत नाही. आमच्या अर्जांच्या तक्त्यात स्पीकरला रकाना आहे, टी-शर्टांना आहे, चहा-नाश्त्याला आहे, समारोपाच्या बॅनरला आहे. शिकवणाऱ्याच्या मानधनाची रक्कम मात्र दर वेळी कापून येते, कारण ‘तो तर स्थानिकच आहे’. स्थानिक आहे म्हणूनच तो वर्षानुवर्षं टिकला, बाहेरून आलेले सहा महिन्यांत गेले. हे वाक्य मी कितीतरी बैठकांत बोलले आहे आणि बोलत राहणार आहे.

स्कॉट स्टर्लिंगचा पगार मला आठवतो तो इथे. बेघरांच्या निवाऱ्यातली ती नोकरी फार मोठ्या पगाराची नसणार. पण महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम हातात येत होती, म्हणून तो एका भांडकुदळ पोराला वेळ देऊ शकला. त्या वेळातून केआरएस-वन उभा राहिला.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. वर्ग सुरू झाला तेव्हा तो संध्याकाळी सातला असायचा आणि गोलात मुलीच नव्हत्या. दादानं वेळ दुपारची केली, तेव्हा त्या आल्या. साडेपाचच्या आत घरी पोहोचता यायला हवं, एवढीच अट होती, आणि ती कुणी विचारली नव्हती. कल्याणमध्ये वाढलेली डी एमसी गेली कित्येक वर्षं मुंबईत स्वतंत्रपणे रॅप करते. तिचे व्हिडिओ त्यानं मुलींना दाखवले. तरी नववीनंतर गळती लागतेच. कुणाचं लग्नाचं बोलणं, कुणाच्या धाकट्या भावंडांची जबाबदारी, कुणाला ‘आता पुरे झालं नाचगाणं’. दादा घरी जाऊन बोलतो, पण त्याच्या बोलण्याला मर्यादा आहे. तरुण पुरुष एखाद्या मुलीच्या घरी जाऊन ‘तिला पाठवा’ म्हणतो, याचा वस्तीत काय अर्थ निघतो ते त्यालाही कळतं. अशा वेळी मी जाते. चहा होतो, इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, आणि कधी कधी मुलगी पुढच्या रविवारी येते.

हंड्यावरची ती ओळ लिहिणारी मुलगी टिकली. आता अकरावीला आहे, कॉमर्स घेतलंय. तिचं ते कडवं पुढे वाढून पूर्ण गाणं झालं, आणि पाण्याच्या प्रश्नावर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिससमोर बायका जमल्या तेव्हा तिनं ते तिथे म्हटलं. बायकांनी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळ्या काही दिल्या नाहीत, आरतीसारख्याच दिल्या, आणि तिनं बेधडक त्या टाळ्यांवर आपली चाल बसवून घेतली. तिची आई पुढच्या रांगेत होती. घरी गेल्यावर आईनं एवढंच विचारलं, की बाबांचं नाव सगळ्यांसमोर का घेतलंस. मायलेकींचं त्यावर बराच वेळ बोलणं झालं, असं तिनं मला सांगितलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

गेल्या काही महिन्यांपासून लहान मुलांचा गट ती घेते. पाचवी ते सातवी. टाळीचा धडा ती दादापेक्षा लवकर उरकते, कारण ती मुलांना आधी आरती म्हणायला लावते आणि मग त्याच तालावर हात मधे-मधे गाळायला शिकवते. दादा हे बघायला दारात उभा होता. नंतर त्यानं स्वतःच्या मोठ्या गटातही तशीच सुरुवात केली.

यंदाच्या अर्जात आम्ही मानधनाचे दोन रकाने धरलेत, एक त्याचा, एक तिचा. दोन्हींच्या खाली तासांचा हिशेब आहे, तयारीचे तास धरून. दादाचं म्हणणं, तिचा दर त्याच्या निम्मा नको, बरोबरीचा हवा, कारण ती लहान मुलं घेते आणि ते काम जास्त अवघड आहे. संस्थेतले काहीजण म्हणाले, अजून ती शिकतेय. तो म्हणाला, मी पण. बैठक लांबली. शेवटी दर बरोबरीचा लिहिला गेला, बॅनरचा रकाना काढून टाकला, आणि अर्ज परवा पाठवला.